दवाखाना आणि वस्ती

दवाखाना जवळ असणे ही एक गोष्ट आणि तो आपला वाटणे ही दुसरी. पहिली गोष्ट पैशाने, जमिनीने आणि सरकारी ठरावाने साधते. दुसरीस यांपैकी काहीच पुरे पडत नाही. पुण्याच्या वायव्येस पवनेच्या काठी काळेवाडी म्हणून जी दाट वस्ती आहे, तेथे हा भेद जितका स्पष्ट दिसतो तितका एखाद्या आडगावीही दिसणार नाही. आडगावात डॉक्टरच नसतो, म्हणून तेथल्या हालांचे कारण सांगावयास सोपे. काळेवाडीची गोष्ट तशी नाही. पूल ओलांडला की पिंपरी. तेथे संत तुकारामनगरात १९८९ साली सुरू झालेले महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. चिंचवडला मोहननगरात कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, थेरगावच्या बाजूस मोठे खाजगी इस्पितळ आहे, आणि खुद्द काळेवाडीच्या रस्त्यांवर किराणा, मोबाईल आणि वडापाव यांच्या दुकानांमधून डॉक्टरांच्या पाट्या दाटीने दिसतात. असे असूनही महिना-दीड महिना खोकला अंगावर काढणारा मनुष्य तेथे दुर्मीळ नाही.

काळेवाडी मूळची शेतीची. आज तेथल्या वसाहतींना जी नावे आहेत, त्यांतील तापकीरनगर, नढेनगर यांसारखी नावे त्या भूमीच्या जुन्या घराण्यांची आठवण देतात. पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले, १९७० साली तेथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, पुढे यंत्रशाळांची रांग भोसरीवरून थेट चाकणपर्यंत गेली आणि तसतशी या शेतांतून घरे उगवली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, त्याही पलीकडे उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेली कुटुंबे एकेका खोलीत राहू लागली. गावी ज्यांना सारे गाव ओळखत होते, ती माणसे येथे शेजारच्या बिऱ्हाडाचे आडनावही न कळता दोन-दोन वर्षे काढतात, आणि भाडेकरार संपला की दुसऱ्या गल्लीत जातात.

अशा खोलीत राहणारा मनुष्य आजारी पडला म्हणजे काय होते ते पाहावे. त्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो रोगाचा नव्हे, उद्याच्या पाळीचा. सरकारी रुग्णालयात सकाळी चिठ्ठी काढावी, रांगेत बसावे, तपासणीला दुसऱ्या खिडकीवर जावे, अहवालास पुन्हा यावे, यात दोन दिवसांची मजुरी जाते. गल्लीतला डॉक्टर संध्याकाळी सातला भेटतो, सुई टोचतो, आणि सकाळी मनुष्य कामावर जातो. त्यास अडाणी म्हणणे सोपे आहे; पण त्याच्या हिशेबात चूक काढणे तितके सोपे नाही. १९४८ सालच्या कामगार राज्य विमा कायद्याचे संरक्षण कंत्राटी कामगारासही आहे हे खरे. परंतु कंत्राटदाराने नावच नोंदविले नाही, अथवा दर काही महिन्यांनी कंत्राटदार बदलला, म्हणजे ते संरक्षण कागदावर राहते आणि मोहननगरचे रुग्णालय त्याच्या दृष्टीने शंभर मैलांवर जाते. मोठे आजारपण आलेच तर महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आहे, तिचे कार्डही कित्येकांकडे आहे. मात्र ते कोणत्या कामी आणि कोठे चालते हे सांगणारा शेजारी नसेल, तर ते पेटीतल्या इतर कागदांत पडून राहते.

प्रश्न असा की, डॉक्टर आणि वस्ती यांची गाठ कशी पडावी. हा प्रश्न नवा नाही, आणि त्याच्या उत्तराचे दोन ठळक नमुने काळेवाडीपासून फार लांब शोधावे लागत नाहीत. दोन्ही एकाच वर्षाचे आहेत.

ते वर्ष १८९७. पुण्यात प्लेग आला होता. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली खास समिती नेमली गेली. मार्च महिन्यात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. रोगी निराळा ठेवावा, घर धुवावे, संशयित कपडे जाळावे, ही तत्त्वे त्या काळच्या वैद्यकास धरूनच होती. साथ आटोक्यात आणण्याचा हेतूही खोटा नव्हता. परंतु देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी परक्या पुरुषांदेखत झाली, सामानाची होळी झाली, आणि कोणी कोणास काही विचारले नाही. परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. लोक रोगी लपवू लागले. जो रोग उघड व्हावा म्हणून सारा खटाटोप, तोच रोग माळ्यावर आणि मागच्या खोलीत दडू लागला. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. काळेवाडीहून पवना ओलांडून थोडे पुढे गेले की चिंचवडगाव लागते. चापेकरांच्या कृत्याची चर्चा इतिहासकारांनी भरपूर केली आहे. ती येथे करावयाची नाही. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, औषधोपचार जेव्हा शिपायाच्या हातून येतो तेव्हा लोक त्याला रोगाहून अधिक भितात.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, दुसरा नमुना घडत होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूस मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. तोही निराळा ठेवलेलाच दवाखाना. वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत. म्हणजे वैद्यकशास्त्र तेच. फरक इतकाच की रोग्यास तेथे आणणाऱ्या बाई त्यास ओळखत होत्या. मुंढव्याचा एक लहान मुलगा आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यात त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकीकडे सैन्य, दुसरीकडे साठी ओलांडलेल्या एका बाईची पाठ. शहरात लोकवर्गणीतून प्लेगचे हिंदू रुग्णालय उभे राहिले, त्यात टिळकांचा पुढाकार होता, हेही त्याच वर्षीचे. लोकांना दवाखाना नको होता असे मुळीच नव्हते.

पुढील अर्धशतकात संस्थांनी आणि दवाखान्यांनी एकमेकांचा हात धरल्याची उदाहरणे पुण्यात झाली. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुणे सेवासदन काढले, तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, आणि कुलीन घरातील विधवा रोग्याच्या उशाशी उभी राहू शकते हे शहरास पाहावयास मिळाले. १९४६ साली भोर समितीने आपला मोठा अहवाल दिला. प्राथमिक आरोग्य केंद्र हा शब्द आज तोंडी बसला आहे, तो त्या अहवालामुळे. मात्र त्याच अहवालात गावोगाव आरोग्य समित्या असाव्या, लोकांनी आपल्या आरोग्याच्या कामात भाग घ्यावा, असेही सांगितले होते, याचा विसर लवकर पडला. इमारती बांधणे जमण्यासारखे होते, ते झाले.

औषधांच्या बाबतीत तर पिंपरीचे नाव साऱ्या देशात झाले. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्यास होते. तेथे पेनिसिलिन होऊ लागले, पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. ज्या परिसरात क्षयाचे औषध तयार झाले त्याच परिसरात क्षयाचा रोगी आज औषध अर्ध्यावर सोडतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. औषध नाही म्हणून तो सोडत नाही. ते सरकारी केंद्रात फुकट मिळते.

या कोड्याचा उलगडा ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखविला, त्यांत डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याचे नाव आधी घ्यावे लागते. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेली. वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले, आणि त्यांच्या ध्यानात आले की रोगी बरा होऊन घरी जातो आणि तोच रोग घेऊन परत येतो. रुग्णालयाचा दरवाजा जणू फिरता होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ती १९७० साली जामखेडला आली. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हा सर्वांत कोरडा आणि दुर्लक्षित तालुका. गावच्या पुढाऱ्यांनी त्यांस बोलावले आणि जागा दिली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. यात कोणास विनोद वाटेल. पण ती जागा गावाने दिलेली होती, आणि मागून मिळालेल्या कोणत्याही इमारतीपेक्षा तिचे मोल अधिक होते.

दोघांनी मनाशी बेत केला होता तो आरोग्याचा. लोकांचा बेत निराळा होता. १९७२ चा दुष्काळ पडला आणि गावांनी सांगितले की, प्यावयास पाणी द्या, पोटास द्या, मग लशीचे बोलू. एखाद्या कमी शहाण्या डॉक्टराने हे काम आपले नव्हे म्हणून पाटबंधारे खात्याकडे बोट दाखविले असते. आरोळ्यांनी विंधणविहिरी घेण्याची यंत्रसामग्री मिळविली आणि मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू करविला. विहिरींच्या बाबतीत त्यांनी एक युक्ती केली, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. भूगर्भाचे ज्ञान असलेल्या माणसाकडून पाण्याची जागा दाखविताना, होईल तितके करून ती जागा दलितवस्तीत निघेल अशी तजवीज त्यांनी केली. पाणी हवे तर वरच्या आळीतल्या बाईने घागर घेऊन खालच्या आळीत जावयाचे. शिवाशिवीवर व्याख्यान न देता हापशाच्या दांड्याने ते काम केले. नारूपासून अतिसारापर्यंत कित्येक रोग पाण्याबरोबर येतात, म्हणून हे कामही वैद्यकाचेच होते. पण गावास ते आपल्या मागणीचे काम वाटले. या अंतरातच सारे मर्म आहे.

आरंभी त्यांनी गावोगाव शिकलेल्या परिचारिका नेमून पाहिल्या. तो प्रयोग फसला. परक्या गावात एकट्या तरुण बाईस राहणे अवघड, आणि गावासही ती परकी. तेव्हा गावातलीच बाई घ्यावी असे ठरले. गावांनी ज्या निवडल्या त्यांत पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकले होते. आठवड्यास एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकाच ठिकाणी झोपत आणि शिकत. वरच्या जातीच्या बाईने खालच्या जातीच्या बाईबरोबर एका पंगतीस बसण्याचा धडा औषधांच्या धड्याआधी आला, आणि तो अधिक कठीण होता. गर्भारपणात काय पाहावे, मूल जन्मताच त्यास कसे गुंडाळावे, जुलाब लागले तर उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ किती घालावे, श्वास किती वेगाने चालला म्हणजे न्युमोनिया समजावा, हे सारे त्या शिकल्या. वाचता न येणारी बाई हे शिकू शकते यावर त्या काळी डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता. अजूनही कित्येकांचा बसत नाही.

शिवाय गावातील पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, मग महिला मंडळे झाली. डॉक्टर गेले तरी आठवडाभर गावात चालणारे काम त्यांचे. झाडे लावणे, सांडपाण्याचे शोषखड्डे, शेळ्यांसाठी कर्ज, मुलांची वजने. कुष्ठरोग्यास निराळ्या आश्रमात न धाडता सर्व रोग्यांबरोबर तपासावयाचे, आणि त्याच्या घरी गावच्या बाईने चहा घ्यावयाचा. संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९६ साली तो आकडा २६ वर आला. संस्थेचे आकडे संस्थेचेच म्हणून कोणी शंका घेईल, तर पुढे बाहेरच्या अभ्यासकांनीही या गावांतील बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने कमीच असल्याचे दाखविले आहे. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यकार्याचे जे पुस्तक काढले त्यात जामखेडचा वृत्तांत आला, १९७८ साली आल्माआटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला तेव्हा जामखेडचे नाव जाणत्यांच्या तोंडी होते, आणि १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या एका आरोग्यसेविकेस वॉशिंग्टन येथील परिषदेत बोलण्याचा प्रसंग आला. सभागृहात झुंबरे लखलखत होती. त्यांनी झुंबरांकडे बोट दाखवून सांगितले त्याचा भाव असा, की डॉक्टर हे या झुंबरांसारखे. सुंदर, पण महाग, आणि बिघडले तर तज्ज्ञ हवा. आम्ही पणत्या. पणतीला पैसे थोडे लागतात आणि एका पणतीवर दुसरी लावता येते. विद्वानांच्या सभेस जो मुद्दा सांगावयास पुष्कळ पाने लागली असती तो त्या बाईने छताकडे पाहून सांगितला.

पुण्याच्या जवळची दोन-तीन नावे येथे घेतली पाहिजेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू येथे १९७० नंतरच्या दशकात सरकार, रुग्णालय आणि गावे यांस एकत्र आणून ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. शहरातले मोठे रुग्णालय गावात जाऊन बसले याचे ते चांगले उदाहरण होय. गडचिरोलीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली काम आरंभिले. आदिवासींना रुग्णालयाची भीती का वाटते हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उंच इमारत, पांढरे कपडे, रोग्याजवळ नातेवाइकांना राहू न देणे, या गोष्टी त्यांना मरणाच्या वाटतात असे कळले. मग रुग्णालय झाले ते झोपड्यांच्या पाड्यासारखे, नातेवाइकांसह राहता येईल असे, आणि त्यास नाव देण्यात आले ते दंतेश्वरी देवीचे. गावातील आरोग्यदूत बायकांनी नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेतली. ३९ गावांत बालकांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा वृत्तांत १९९९ साली लॅन्सेटमध्ये आला. सरकारने २०११ साली ती पद्धत देशभर घेतली.

तेव्हा पुरावा कमी नाही. अडचण अन्यत्र आहे. जामखेड आणि गडचिरोली येथे गाव होते. पाटील होता, भावकी होती, चावडी होती, भांडणही होते. आणि भांडण असले म्हणजे माणसे एकमेकांना ओळखतात हे तरी सिद्ध होते. काळेवाडीच्या गल्लीत हे गाव कोठून आणावे?

कायद्याने त्याची सोय योजलेली आहे असे म्हणता येईल. २००५ साली ग्रामीण भागासाठी आशा नेमल्या गेल्या. त्यांच्या मागे जामखेड, गडचिरोली आणि छत्तीसगडच्या मितानिन बायका यांचे अनुभव होते. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले. त्यात सुमारे पन्नास हजार वस्तीस एक नागरी आरोग्य केंद्र, दोनशे ते पाचशे घरांस एक आशा, आणि पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती, अशी मांडणी आहे. समितीस वर्षास पाच हजार रुपयांचा मुक्त निधी. तो कशावर खर्चावयाचा ते बायकांनी ठरवावयाचे. कागदावर ही रचना जामखेडची नागरी बहीण दिसते.

परंतु जामखेडची बाई गावाने निवडलेली होती आणि डॉक्टर तिचे ऐकत. आशेकडून मात्र नोंदवह्या आणि मोबाईलवरील माहिती मागितली जाते, तिचे म्हणणे क्वचित विचारले जाते. २०२० साली साथीच्या काळात दारोदार फिरली ती तीच. त्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात जो साथीचा कायदा लावण्यात आला तो रँडच्याच काळचा, १८९७ सालचा, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. दुसरा कायदा एकशे तेवीस वर्षांत कोणी केलाच नव्हता. फरक मात्र झाला होता. या वेळी दारावर थाप पडली ती ओळखीच्या बाईची, म्हणून कित्येक घरांनी दार उघडले. पुढे जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. या दोन संपांच्या मध्ये, २०२२ साली, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील साऱ्या आशांचा गौरव केला होता. गौरव आणि मोबदला हे दोन निराळ्या खात्यांतून निघतात.

काळेवाडीसारख्या ठिकाणी या भागीदारीची खरी कसोटी क्षयरोगात लागते, म्हणून त्यावर जरा थांबले पाहिजे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. दीड-दोन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, अंगात बळ येते आणि रोग्यास वाटते की रोग गेला. तेथेच घात होतो. अर्धवट औषधाने उरलेले जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो, महाग होतो, कधी हाताबाहेर जातो. शहरातला रोगी प्रथम गल्लीतल्या खाजगी डॉक्टराकडेच जातो. म्हणून २०१२ साली खाजगी डॉक्टरांनीही प्रत्येक क्षयरोगी सरकारास कळविला पाहिजे असा आदेश निघाला. आदेश योग्यच. पण खाजगी डॉक्टरास रोगी गमावण्याची धास्ती, रोग्यास घरमालकाची धास्ती. मालकास कळले तर खोली जाईल, मुकादमास कळले तर काम जाईल. म्हणून पत्ता चुकीचा दिला जातो. केंद्रातला कर्मचारी त्या पत्त्यावर जातो आणि तेथे दुसरेच बिऱ्हाड निघते. १८९७ साली रोगी माळ्यावर लपविला जात होता. येथे तो पत्त्यात लपतो.

ही गाठ केंद्र एकटे सोडवू शकत नाही आणि आदेशही सोडवू शकत नाही. ज्या बाईस कोणत्या चाळीत कोण नवे राहावयास आले हे पाण्याच्या नळावर कळते, जिला घरमालकिणीशी बोलता येते, तिच्याच हाती ती आहे. क्षयाचे औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून इतरांस संसर्ग होण्याचे भय फार कमी होते, ही एवढी गोष्ट घरमालकिणीच्या गळी उतरली तर एक खोली वाचते आणि सहा महिन्यांचा उपचार वाचतो. गल्लीतल्या डॉक्टरासही शत्रू समजून चालणार नाही. केंद्राने त्यास थुंकीच्या तपासणीची सोय द्यावी, औषध त्याच्याच दवाखान्यातून रोग्यास मिळू द्यावे, म्हणजे रोगी गमावण्याचे कारण उरत नाही. तसेच गणेशोत्सव मंडळे, भजनी मंडळे, बचत गट, परगावच्या लोकांचे मेळावे. काळेवाडीत गाव नसले तरी मंडळे पुष्कळ आहेत. लातूर-बीडकडील मंडळी एकमेकांस धरून असतात, उत्तरेकडील मंडळी छठपूजेस पवनेच्या घाटावर एकत्र येतात. आरोग्य केंद्राने आपली समिती नव्याने कागदावर बसविण्याऐवजी या बसलेल्या बैठकांत जाऊन बसावे. २०२२ पासून क्षयरोग्यांना पोषक शिध्याची मदत देणाऱ्या दात्यांस निक्षयमित्र म्हणून नोंदविले जाते. मंडपाच्या रोषणाईतील थोडी रक्कम त्या शिध्याकडे वळविणे एखाद्या मंडळास अशक्य नाही. मात्र शिधा देताना रोग्याचे छायाचित्र काढून फलकावर लावण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या छायाचित्राने खोली जाते.

आणि वेळेचा प्रश्न. महिला आरोग्य समितीची बैठक सकाळी अकरा वाजता भरते, ती केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या सोयीने. त्या वेळी काळेवाडीची अर्धी बाई धुण्याभांड्याच्या कामावर असते आणि उरलेली पाळीवर. बैठकीस येतात त्या घरी असणाऱ्या, म्हणजे बहुधा ज्यांना केंद्राची गरज कमी त्या. जामखेडला डॉक्टर गावात रात्री जात, कारण शेतावरची माणसे रात्री भेटत. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी काळेवाडीच्या खोल्यांतून पुरुष घरी असतात, बाजार भरलेला असतो, आणि संध्याकाळी दारात बसून बोलावयास माणसांना सवड असते. केंद्राच्या भिंतीवरील वेळापत्रकात गुरुवारची संध्याकाळ कोणत्या कामासाठी राखली आहे, हे तेथून जाता येता पाहून घेण्यासारखे आहे.